गुरुजींच्या चार बाटल्या: जुनी शाई बाटलीत आणि कागदावर

राजापूर तालुक्यातल्या एका गावातले निवृत्त मुख्याध्यापक वारले आणि त्यांच्यामागे घर बरीच वर्षं बंद राहिलं. शेवटी आवराआवर झाली तेव्हा शाईच्या चार बाटल्या, ड्रॉपरने भरायचं इबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, एक पेन, एक टाक आणि वह्यांची चळत हाती लागली. त्यांचा नातू पुण्यात नोकरीला आहे. जुनी पेनं खोलून बसायचा माझा नाद त्यांच्या घरात ठाऊक असल्याने तो सगळा ऐवज घेऊन माझ्याकडे आला.

"काका, आजोबांच्या वहीत आमची वंशावळ अर्धवट राहिलीय. माझ्या पिढीची आणि पुढच्या पोरांची नावं घालायचीत. बाबा म्हणतात, त्यांच्याच पेनने, त्यांच्याच शाईने लिही. यातली कुठली बाटली चालेल?"

'चालेल का' या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न असतात: शाई पेनाला मानवेल का, कागदावर टिकेल का, आणि आधीच्या अक्षराशी रंगाने जुळेल का. या प्रकरणात तिन्हींची उत्तरं तीन दिशांना गेली, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

बाटल्या कुठल्या, कधीच्या

दोन बाटल्या निळ्या-काळ्या शाईच्या, म्हणजे ब्ल्यू-ब्लॅकच्या. कारखाना एकच, लेबलही एकाच छापाचं. एक अर्धी वापरलेली, दुसरीचं सीलही न तोडलेलं. तिसरी रॉयल ब्ल्यू, तळाशी जेमतेम बोटभर उरलेली. चौथी लाल. कारखान्यांची नावं मुद्दाम देत नाही. इतक्या वर्षांनी कुणाचीही शाई अशीच वागली असती.

वय काढायला लेबलवरची किंमत कामी आली. निळ्या-काळ्या बाटल्यांवर किंमत 'न.पै.' मध्ये होती. नवे पैसे आले 1 एप्रिल 1957 रोजी, आणि 1 जून 1964 पासून त्यातला 'नवा' गळला. छापलेली लेबलं संपेपर्यंत वापरत असणार, हे धरूनही या बाटल्या साधारण साठ वर्षांच्या. लाल बाटलीवर 'सर्व करांसह' कमाल किंमत होती, म्हणजे 1990 नंतरची, गुरुजींच्या उतारवयातली. रॉयल ब्ल्यू या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी.

तो काळ शाईच्या दृष्टीने मोठा रंगीत होता. शेफरची स्क्रिप 1922 पासूनची, पार्करची क्विंक 1931 पासूनची. ज्याला परवडेल तो ती घ्यायचा. इकडे मुंबईत दांडेकर बंधूंनी 1931 मध्येच हॉर्स ब्रँड नावाने शाईची पूड आणि वड्या काढल्या होत्या. पुढे त्यांचीच कॅमल शाई मराठी घराघरांत पोचली. बंगालमध्ये मैत्र बंधूंची सुलेखा 1934 ची. गुरुजींच्या स्वतःच्या शाळकरी वयात पूड पाण्यात कालवून दौत भरायची पद्धत असणार. तयार बाटली ही पगार सुरू झाल्यानंतरची चैन.

जुनी शाई हाती आली की लोक आधी वय विचारतात. मला ते दुय्यम वाटतं. बाटली उघडली होती का, किती रिकामी होती आणि कुठे ठेवली होती, हे तीन प्रश्न जास्त सांगून जातात. इथे नातवाला सगळं नीट आठवत होतं: उघड्या तिन्ही बाटल्या पडवीतल्या फळीवर, म्हणजे पावसाळ्यात दमट हवा आणि मे महिन्यात कौलांखालची धग. सीलबंद बाटली मात्र पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या धोतरांच्या घडीखाली. एकाच लेबलच्या दोन बाटल्या, एक उघडी उजेडावाऱ्यात आणि दुसरी बंद अंधारात. असा जोड हवा म्हणून शोधला तर सापडत नाही.

सील शाबूत असलेल्या बाटलीतही शाई गळ्याखाली उतरलेली होती. याचं नवल वाटू नये. त्या काळच्या बेकेलाइटच्या झाकणात पुठ्ठ्याची चकती असायची. ती सुकून आकसते आणि पाण्याची वाफ हळूहळू वाट काढते. सीलबंद आणि हवाबंद हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि लिलावात 'न उघडलेली, पण थोडी कमी' असं लिहिलेली बाटली दिसली की हे आठवावं.

आधी नाक

सीलबंद बाटली उघडली आणि खोलीभर कार्बोलिक साबणाचा वास पसरला. तो फिनॉलचा. जुन्या शायांमध्ये बुरशी धरू नये म्हणून फिनॉल घालत. हा वास जुन्या शाईच्या जिवंतपणाची पहिली खूण. (नाक बाटलीच्या तोंडाला लावायचं नाही, हातमोजे घालायचे, फिनॉल विषारी आहे.) अर्धी वापरलेली बाटली हुंगली तर त्या वासाचा मागमूस नव्हता, नुसता गंजका दर्प. लाल बाटलीला ओल्या भिंतीचा वास येत होता, त्यामुळे तिचं काय झालंय ते झाकण पुरतं फिरवण्याआधीच कळलं.

लाल शाईचं आधी उरकून टाकतो. पृष्ठभागावर राखाडी साय, तिच्याखाली धागे लोंबलेले. बुरशी. गाळून घेऊ का, असं नातवाने विचारलं. नाही. बीजाणू गाळणीतून निघतात, पेनाच्या जिभेत, म्हणजे निबखालच्या शाई पोचवणाऱ्या भागात, बसतात आणि त्या पेनाने पुढे ज्या बाटलीत तोंड घातलं ती बाटलीही नासते. शाई फेकली, ड्रॉपरही फेकला. शाळेच्या लाल शाया बहुधा इओसिन या रंगाच्या असत. इओसिन बाटलीत बरं राहतं, उजेडात मात्र झपाट्याने उडतं. व्हॅन गॉगच्या चित्रांतल्या कित्येक गुलाबी छटा गेल्या त्या याच रंगामुळे. गुरुजींनी लाल शाईने मारलेले शेरे मात्र मिटलेल्या वह्यांत अजून चांगले ठसठशीत आहेत, कारण त्यांनी साठ वर्षांत उजेडच पाहिला नाही.

निळी-काळी: दोन बहिणी

खरं प्रकरण इथे आहे. अर्धी बाटली तिरकी केली तर वर फिकट, राखी झाक असलेलं निळसर पाणी आणि तळाला दाट काळा साका. काचेच्या आतल्या बाजूला, शाईची पातळी जिथे जिथे थांबत आली तिथे तिथे, गंजासारख्या काळपट कडा. त्या कडांवरून बाटली कशी कशी रिकामी होत गेली तेही वाचता येत होतं. हलवलं की साका उठायचा, थोड्या वेळाने पुन्हा बसायचा. टाक बुडवून ओढलेली रेघ पुसट आली, मध्येच बारीक कण, आणि दुसऱ्या दिवशीही ती फारशी गडद झाली नव्हती.

ट्रंकेतल्या बाटलीत तळाला साक्याची पातळ चकती होती, पण वरची शाई दाट निळी. तिची रेघ आधी स्वच्छ निळी आली, तासाभरात राखी झाली आणि दुसऱ्या दिवशी काळी.

हे का होतं ते समजायला शाईत काय घालतात ते पाहावं लागतं. ही लोह-गॅलिक जातीची शाई. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असलेला वनस्पतीचा अर्क. युरोपात त्यासाठी ओकच्या झाडावरच्या गाठी वापरत. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस ही जोडी शाईला आणि कापड काळं रंगवायला जुन्या काळापासून माहीत. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आजही गोळा होणारा हिरडा तो हाच. हिराकसातलं लोह पाण्यात विरघळलेलं असतं आणि त्याचा त्या अर्कातल्या गॅलिक आम्लाशी होणारा संयोग फिका दिसतो. त्याला हवेतला प्राणवायू मिळाला की लोह दुसऱ्या अवस्थेत जातं आणि काळाभोर, पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार होतो. तो कागदाच्या धाग्यांत अडकला की झालं, पाण्याने जात नाही. ताजी रेघ फारच फिकट दिसते म्हणून लिहिताना दिसायला सोबत निळा रंग घालतात. लंडनच्या हेन्री स्टीफन्स यांनी 1830 च्या दशकात अशी निळी उमटून मग काळी होणारी शाई विकायला काढली, आणि 'ब्ल्यू-ब्लॅक' हे नाव त्या दोन अवस्थांचं आहे, छटेचं नव्हे. आताच्या बहुतेक ब्ल्यू-ब्लॅक शायांत लोह नसतंच. निळ्यात काळं मिसळलेला रंग असतो, त्यामुळे हे आज कुणाच्या लक्षातही येत नाही.

श्लुटिग आणि नॉयमन या जर्मन रसायनज्ञांनी 1890 मध्ये जी प्रमाण कृती दिली तीत लिटरमागे टॅनिन 23.4 ग्रॅम, गॅलिक आम्ल 7.7 ग्रॅम, हिराकस 30 ग्रॅम, डिंक 10 ग्रॅम, हायड्रोक्लोरिक आम्ल 2.5 ग्रॅम आणि फिनॉल 1 ग्रॅम आहे. हिशेब केला तर लोह भरतं साधारण 0.6 टक्का. ती दौत-टाकाची शाई. पेनाच्या बारीक नाळेत एवढं लोह चालत नाही. आपल्या भारतीय मानक 220 मधली फाउंटन पेनाची फेरो-गॅलो-टॅनेट, म्हणजे याच लोह-गॅलिक जातीची, शाई 0.1 टक्का लोहाची आहे, म्हणजे सहावा हिस्सा. आम्ल घालायचं कारण एकच: ते लोहाला विरघळलेलं ठेवतं, काळं पडणं लांबवतं. आम्लता दाखवणारी पीएचची पट्टी बुडवली तर दोन्ही निळ्या-काळ्या बाटल्यांत ती दोनाच्या आसपास, म्हणजे चांगल्याच आम्लाच्या खुणेवर, लाल झाली.

आता अर्ध्या बाटलीकडे परत या. प्रत्येक वेळी झाकण उघडलं, शाई थोडी कमी झाली, रिकाम्या जागेत ताजी हवा आली. जी क्रिया कागदावर व्हायची ती बाटलीत झाली. तळाचा काळा साका म्हणजे बिघडलेली शाई नव्हेच. ती लिहून झालेली शाई आहे, फक्त कागदावर न उतरता तळाला बसलेली. म्हणून तो गाळून काढण्यात अर्थ नाही. गाळून जे खाली येतं त्यात लोह आणि टॅनिन अगदी थोडं आणि उरलेला निळा रंग. त्याने लिहिलं तर रेघ निळसर उमटते आणि तशीच राहते, काळी व्हायला तिच्याजवळ काही उरलेलंच नसतं. हा साका पुन्हा विरघळवून शाई 'जिवंत' करायच्या कृती पेनवाल्यांच्या गप्पांत बऱ्याच फिरतात. आम्ल वाढवून थोडा साका विरघळतोही, पण मग ती शाई निबसुद्धा खाते आणि कागदही. मी त्या वाटेला जात नाही.

ट्रंकेतल्या शाईत लोह खरंच शिल्लक आहे का, याची खातरजमा ब्लीचने केली. सुकलेल्या जुन्या रेघेवर एक थेंब. निळा रंग तत्काळ गेला, काळेपणाही विरला आणि मागे गंजाच्या रंगाची पिवळट-तपकिरी रेघ उरली. ते लोह. शेजारीच रॉयल ब्ल्यूची रेघ ओढून तिच्यावरही थेंब टाकला, तर तिथे कोरा कागद. हा प्रयोग कुणी करणार असेल तर सुकलेल्या रेघेवर, खिडकीपाशी, एकाच थेंबाने करावा. ब्लीच बाटलीत कधीही ओतू नये. शाई आम्लधर्मी आहे, क्लोरीन वायू सुटतो.

रॉयल ब्ल्यूची उलटी चाल

तिसऱ्या बाटलीने नातवाला चकित केलं. बोटभर उरलेली, काकवीसारखी दाट झालेली शाई. पण तळाला कण नाही की बुरशी नाही. टाकाने रेघ ओढली तर इतकी गडद, की सुकल्यावर कडांना तांब्यासारखी लाल झळाळी आली. हल्ली अशी झळाळी असलेल्या शाया मुद्दाम बनवून महाग विकतात. इथे ती नुसत्या बाष्पीभवनाने आली होती. पाणी उडालं, रंग मागे राहिला.

डिस्टिल्ड पाणी थेंबाथेंबाने घालत, प्रत्येक वेळी रेघ ओढून पाहत, ती ओळखीच्या निळ्यावर आणली. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार शाईत गोंधळ घालतात. आणि नव्या बाटलीतली शाई ओतून 'भर' तर मुळीच घालायची नाही. जुन्या शायांमध्ये काही आम्लधर्मी, काही अल्कधर्मी. पार्करने 1941 मध्ये '51' पेनासोबत जी '51' शाई काढली ती चटकन सुकावी म्हणून इतकी अल्कधर्मी होती की ती फक्त त्याच पेनात वापरा, असा इशारा बाटलीवर छापावा लागला. तशी शाई लोह-गॅलिक शाईत मिसळली तर लोह तिथल्या तिथे साक्यात जातं. घरात राहिलेल्या दोन अर्ध्या बाटल्या 'एक करून टाकल्या' आणि दोन्ही गेल्या, ही तक्रार मी पुष्कळ वेळा ऐकली आहे.

रॉयल ब्ल्यूचा निळा रंग ट्रायअरिलमिथेन गटातला, त्यात लोह नाही. हवेने त्याचं काही बिघडत नाही, त्यामुळे बाटलीत तो दशकानुदशकं तग धरतो. पण अल्क लागला की हा रेणू आपला रंगच टाकतो. शाई पुसायच्या पेनांचं तत्त्व तेच. ज्यांनी लहानपणी पांढऱ्या शर्टावर शाई सांडली त्यांना यातला फरक पोटात माहीत असतो: एक निळा डाग धुण्याच्या सोड्याने जायचा, आणि दुसऱ्याला लिंबू-मीठ चोळून उन्हात घालावं लागायचं. सोडा लावला तर तो पिवळट होऊन कायमचा बसायचा. त्यामागचं रसायन हेच, लोह असलेली शाई आणि लोह नसलेली शाई.

उजेडही या निळ्याला मानवत नाही. गुरुजींनी मुलीला लग्नानंतर लिहिलेली पत्रं रॉयल ब्ल्यूमध्ये आहेत. पाकिटात राहिलेलं पत्र आज वाचायला सुखाचं आहे. त्यांतलंच एक पत्र आत्याने फ्रेम करून रत्नागिरीच्या घरी खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं. नातवाने मला त्याचा फोटो दाखवला: फिकट जांभळट राखी रेषा, आणि फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेल्या कडेपाशी अर्धं अक्षर अजून निळं. सावलीत अर्धा 'आ', उजेडात त्याचा कानाही दिसत नाही.

एव्हाना नातवाच्या लक्षात आलं होतं ते त्याने स्वतःच बोलून दाखवलं. बाटलीत जी खराब झाली तिनेच लिहिलेल्या वह्या टिकल्या, आणि बाटलीत जी टिकली तिचं पत्र उडालं. जुन्या शायांबद्दल सांगण्यासारखं मला जे काही वाटतं ते बहुतेक यात आलं. प्राणवायूशी संयोग होणं हाच लोहाच्या शाईचा टिकाऊपणा आहे, आणि बाटलीत तिला तोच भोवतो. शाई कशी म्हातारी होते असं कुणी विचारलं, तर 'कुठे' हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

वह्या

वंशावळीची वही ब्ल्यू-ब्लॅकने लिहिलेली, जाड पुठ्ठ्याची. अक्षर काळं राहिलेलं नाही. ते काळपट तपकिरी झालंय. सोबतचा निळा रंग कधीच गेला, राहिलं ते लोह आणि टॅनिन. जिथे गुरुजींचा हात थांबला, म्हणजे पूर्णविरामावर आणि शिरोरेघेच्या शेवटी, तिथे शाई जास्त साठली आणि समोरच्या पानावर तिची तपकिरी सावली उतरली आहे. पान उजेडासमोर धरलं की मागून अक्षर दिसतं.

याला शाईचं कागद खाणं म्हणतात. आम्ल कागदातला सेल्युलोज तोडतं, आणि बंध न झालेलं मोकळं लोह त्या कामाला हातभार लावतं. युरोपातल्या अभिलेखागारांत काही पानांना अक्षरांच्या जागी अक्षरशः भोकं पडली आहेत. नेदरलँड्समध्ये योहान नेवेल यांनी 1990 च्या दशकात यावर कॅल्शियम फायटेटचा उपाय विकसित केला. धान्याच्या कोंड्यात असतं तेच फायटेट मोकळ्या लोहाला पकडून ठेवतं. ते घरी करायचं काम नव्हे. गुरुजींच्या वहीला त्याची गरजही दिसली नाही, कारण पेनाची शाई होती, लोह कमी होतं, आणि पानं लवचीक आहेत. दमट कोकणातून ती वही पुण्याच्या कोरड्या हवेत आली हाच तिच्यावरचा निम्मा इलाज. घरच्यांना मी एवढंच निक्षून सांगितलं की कुणाच्याही सांगण्यावरून तिची पानं लॅमिनेट करू नका. उष्णता आणि प्लॅस्टिकच्या आत कोंडलेलं आम्ल, दोन्ही वाईट, आणि ते परत काढता येत नाही.

आपल्या जुन्या मोडी कागदांवर अक्षर अजून कोळशासारखं काळं दिसतं ते त्यामुळे, की बहुतेकदा त्यांची शाई काजळीची असते. काजळी म्हणजे कार्बन; तिला हवा, उजेड, आम्ल कशाचंच काही वाटत नाही. फाउंटन पेनात मात्र ती साधी काजळी-डिंकाची शाई घातली की पेन चोंदलंच.

काय ठरलं

पेनाची जीभ काढली तेव्हा तिच्या नाळेत काळी कीट बसलेली होती. गुरुजींनी शेवटी शेवटी साका चढलेल्या बाटलीतूनच पेन भरलं असणार. इबोनाइटला शाईचं काही झालं नव्हतं. निब पोलादी, सोन्याचा मुलामा असलेली. भोकाभोवतीचा मुलामा उडून तिथे आम्लाने बारीक खड्डे पाडले होते. कीट काढायला एस्कॉर्बिक आम्लाचं, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या पुडीचं, पातळ पाणी वापरलं. ते लोहाला पुन्हा विरघळणाऱ्या अवस्थेत आणतं. अमोनिया घातलेलं पेन धुण्याचं पाणी रंगाच्या शायांना उत्तम, पण लोहाच्या शाईवर घातलं तर गंज जिथल्या तिथे बसतो.

त्यामुळे पेनात निळी-काळी घालायची नाही हे ठरलंच. या निबला ती अजून खाईल. पेनात पातळ केलेली रॉयल ब्ल्यू घातली. नातू आता तिने किराण्याच्या याद्या आणि कार्यालयातल्या चिठ्ठ्या लिहितो, म्हणजे ज्या उडाल्या तरी चालतील अशा गोष्टी.

वंशावळीसाठी ट्रंकेतली निळी-काळी आणि टाक. टाक बुडवा, लिहा, लगेच पुसा. शाईला धातूवर बसून राहायला वेळच मिळत नाही. पण जुन्या वहीत लिहायला मी नकार दिला. अभिलेखागारात जुन्या कागदांजवळ पेन नेऊ देत नाहीत, नुसती शिसपेन्सिल चालते, त्याला कारण आहे. त्या पानांवर नवं आम्ल कशाला? पुण्याच्या हातकागद संस्थेतला सुती कागद आणला, एका तुकड्यावर शाई फुटत नाही ना हे पाहिलं, आणि नावं वेगळ्या पानावर लिहून ते पान वहीत सुटं ठेवायचं ठरलं. मूळ वहीत पेन्सिलीने एक ओळ: 'पुढील नावे सोबतच्या पानावर.'

लिहिणं नातवाच्या बहिणीने केलं, तिचं अक्षर चांगलं. दोन दिवसांनी तिचे वडील आले, वही आणि पान शेजारी धरलं आणि म्हणाले, "ही तीच शाई? रंग तर कुठे जुळतोय!" वहीतलं अक्षर तपकिरी, पानावरचं काळंभोर. शाई तीच होती. फक्त एक अक्षर साठ वर्षांपूर्वी हवेला लागलं आणि दुसरं परवा. रंग जुळवायचाच असता तर कुठली तरी तपकिरी शाई आणून नक्कल करता आली असती, पण मग ती गुरुजींची शाई राहिली नसती. वडिलांनी थोडा वेळ विचार केला आणि काळं ते काळं राहू द्या म्हणाले.

बाटलीत उरलेली शाई साक्यावरून अलगद ओतून काचेच्या लहान कुप्यांत काठोकाठ भरली, वर हवेला जागा न ठेवता. झाकणाला मेण लावलं, चिठ्ठी चिकटवली. पुढच्या पिढीत नाव घालायची वेळ आली तर एक कुपी फोडायची. अर्धी राहिली तर तिचा लोभ धरायचा नाही. त्या कुप्या संपल्या तरी अडणार नाही. लोहाची शाई आजही मिळते: डायमाईनची रजिस्ट्रार्स, रोरर अँड क्लिंगनरची सॅलिक्स, प्लॅटिनमची ब्ल्यू-ब्लॅक. अर्धी वापरलेली बाटली साक्यासकट फेकायला मी सांगितलं होतं. नातवाने ती लेबलसाठी ठेवून घेतली, तेही ठीक.

राहिलं आत्याचं पत्र. ते भिंतीवरून काढायला आत्या तयार नव्हती: "माझ्या बाबांचं पत्र आहे, पेटीत कशाला कोंडू?" नातवाने मूळ पत्र स्कॅन करून घेतलं. संगणकावर निळ्या छटेचा फरक ताणला तर डोळ्यांना न दिसणाऱ्या बऱ्याच ओळी वाचता आल्या. शेवटची ओळ आंब्याच्या पेट्या कुठल्या गाडीने पाठवल्या त्याबद्दल होती. ती रंगीत प्रत फ्रेममध्ये लावायची आणि मूळ पत्र आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून कपाटात ठेवायचं, यावर आत्या राजी झाली आहे. फ्रेम मात्र त्याच खिडकीसमोर राहणार, असं तिने आधीच बजावलंय.